स्लोव्हाक भाषेत स्वतःची ओळख कशी करून द्यायची?

चैत्राली

नमस्कार मंडळी. मी चिंचवडची, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. सप्टेंबरपासून दोन वर्षांसाठी स्लोव्हाकियात, नित्रा या गावी चालले आहे. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरचा कारखाना तिथे २०१८ मध्ये सुरू झाला, त्याच्याशी आमचं काम जोडलेलं आहे.

ऑफिसात इंग्रजीवर भागेल असं सगळे सांगतात. पण माझं रोजचं बोलणं लाइनवरच्या माणसांशी असणार. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून ओळख करून द्यायची असते, ती मला त्यांच्या भाषेत द्यायची आहे. एका अ‍ॅपवरून तीन आठवडे शिकतेय, शिकवणी इंग्रजीतून आहे. आत्तापर्यंत एवढंच जमलंय:

दोब्री देन. वोलाम सा चैत्राली. सोम ज़ इंडिया.

(टिंब दिलेला ज़ म्हणजे 'झेब्रा' म्हणताना येतो तो उच्चार.)

हे बरोबर आहे का? मधला 'सा' काय करतो ते अ‍ॅप सांगत नाही, फक्त पाठ करायला लावतं. आणि समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही?

दुनायकाठी

चैत्राली, अभिनंदन! मी अकरा वर्षं ब्रातिस्लावात राहते. (दुनाय म्हणजे डॅन्यूब, तिच्या काठी घर आहे म्हणून हे नाव घेतलं.) तुझी तीन वाक्यं ऐकून कुणालाही कळेल तू काय म्हणतेस. आता ती नीट करू. माझा आग्रह एकच आहे: इंग्रजीतून शिकू नकोस, मराठीतून शीक. मी पहिलं वर्ष इंग्रजीच्या वाटेने गेले आणि जे आपल्याला जन्मापासून येतं तेच पुन्हा अवघड करून शिकले.

पहिलं वाक्य. 'देन' नाही, 'द्येन्य'. त, द, न यांच्यापुढे ए किंवा इ आला की ते मऊ होतात, 'त्ये', 'द्ये', 'न्ये' असे. परकीय शब्दांत आणि काही रोजच्या शब्दांत हा नियम चालत नाही, ते ऐकून ऐकून कळतं. शेवटचा न तर लिहितानाच वर छोटी खूण घेऊन येतो, म्हणून 'न्य'. दोब्री द्येन्य. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर.

तिसरं वाक्य. 'इंडिया' नाही, 'इंदिये'. हा 'ज़' म्हणजे आपला 'हून'. पुणे या शब्दाला 'हून' लागताना आपण 'पुणेहून' म्हणत नाही, 'पुण्याहून' म्हणतो. शाळेत याला सामान्यरूप म्हणायचे. स्लोव्हाकमध्ये तेच आहे, फक्त प्रत्यय शब्दाच्या आधी येऊन बसतो आणि शब्दाचं शेपूट बदलतं. राहण्याच्या जागेचंही तसंच. गाव नित्रा, पण नित्रात म्हणजे 'व न्यित्रे'. ब्रातिस्लावात म्हणजे 'व ब्रातिस्लावे'. कोशित्सेत म्हणजे 'व कोशित्सियाख'. इंग्रजी माणसाला इथे घाम फुटतो, कारण त्याच्या भाषेत गावाचं नाव कधी हलतच नाही. आपली गावं रोज हलतात, साताऱ्याला, ठाण्यात, नगरहून.

आता तुझा 'सा'. 'वोलात्य' म्हणजे हाक मारणं, बोलावणं. 'सा' म्हणजे स्वतःला. तेव्हा 'वोलाम सा चैत्राली' म्हणजे शब्दशः 'मी स्वतःला चैत्राली म्हणवते'. 'मी' वेगळा सांगावा लागत नाही, तो 'वोलाम'च्या 'आम'मध्ये आहे, जसं आपण 'राहते चिंचवडला' म्हटलं की 'मी' कळतो. या 'सा'चा एक हट्ट लक्षात ठेव, तो वाक्याच्या सुरुवातीला कधी येत नाही, पहिल्या शब्दानंतर किंवा पहिल्या शब्दगटानंतर बसतो. 'अको सा वोलात्ये?' म्हणजे तुमचं नाव काय. इथे 'अको' पहिला आला म्हणून 'सा' लगेच त्याच्या मागे.

आणि तू की तुम्ही, याचं उत्तर तुला आधीच येतं. 'ति' म्हणजे तू, 'वि' म्हणजे तुम्ही. आपल्यासारखंच 'वि' अनेकांसाठीही आणि एका मानाच्या माणसासाठीही. अनोळखी मोठ्या माणसाला, दुकानात, दवाखान्यात, साहेबाला 'वि'. मुलांना, मित्रांना 'ति'. ओळख झाल्यावर वयाने मोठा माणूस स्वतः म्हणतो, 'मुओझेमे सि तिकात्य?', म्हणजे आपण एकमेकांना अरे-तुरे म्हणूया का. लहानाने आधी विचारायचं नसतं. कारखान्यात बरोबरीचे लोक लवकरच 'ति'वर येतात, पण सुरुवात 'वि'नेच कर.

विठ्ठल_प

मी दोन वर्षं ब्रातिस्लावात आयटीत होतो. खरं सांगतो, इंग्रजीवर पूर्ण निभावलं. ही भाषा साधारण ५४ लाखांच्या देशाची आहे, नुसत्या पुणे जिल्ह्याचीच लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होती. दोन वर्षांसाठी सहा विभक्त्या शिकण्यापेक्षा तेवढ्या वेळात जर्मन शिकलेलं पुढे उपयोगी पडेल. व्हिएन्ना तिथून तासाभरावर आहे.

दुनायकाठी

विठ्ठल, ब्रातिस्लावातल्या आयटीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण चैत्राली नित्राला जातेय आणि लाइनवर उभी राहणार आहे. शिवाय ती भाषा शिकायची म्हणत नाहीये, ओळख करून द्यायची म्हणतेय. सात वाक्यं आहेत. इथे लिफ्टमध्ये शिरताना, डॉक्टरकडे बाहेरच्या बाकावर बसताना, वाण्याच्या दुकानात पाय ठेवताना लोक 'दोब्री द्येन्य' म्हणतात आणि निघताना 'दोविद्येनिया'. जो म्हणत नाही त्याच्याशी कुणी भांडत नाही, पण जो म्हणतो त्याच्याकडे मान वर करून बघतात. मला पहिल्या हिवाळ्यात शेजारणीने हाक मारली ती त्या एका 'दोब्री द्येन्य'मुळे.

कोशित्सेकर

चैत्रालीताई, मी कोशित्सेत मेडिकलला आहे, तिसरं वर्ष. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून कुणी सांगितली नाही. तुमचं नाव.

तुम्ही इंग्रजी स्पेलिंगमध्ये नाव लिहिणार, सी-एच-ए-आय करून. स्लोव्हाक माणसासाठी सी-एच हे एकच अक्षर आहे आणि त्याचा उच्चार घशातला ख. म्हणजे तुमच्या बिल्ल्यावरून तो वाचणार 'खैत्राली'. जे हे अक्षर म्हणजे य. म्हणजे संजयचा 'सन्यय', विजयचा 'वियय', जाधवचा 'यद्हव', चव्हाणांचे 'खवान'. एस-एच मिळून श होत नाही, स आणि ह वेगळे वाचतात, म्हणून जोशी होतात 'योस्ही'. माझ्या आडनावाचं पहिल्या दिवशी असंच झालं, हजेरीत माझं नाव पुकारलं आणि मला कळलंच नाही की ते माझं आहे. माझी गैरहजेरी लागली.

उपाय सोपा आहे. नाव त्यांच्या लिपीत कसं लिहितील ते शोधून एका कागदावर लिहून ठेवा. चहाच्या 'च'साठी सीवर उलट्या टोपीसारखी खूण, तिला 'मेक्चेन्य' म्हणतात. 'आ' लांबवायला अक्षरावर तिरपी रेघ, ती 'द्ल्झेन्य'. सरकारी कागदावर पासपोर्टातलंच स्पेलिंग राहील, पण समोरच्या माणसाला वाचायला हा कागद द्या. 'वोलाम सा' म्हटल्यावर थोडं थांबा आणि नाव सावकाश म्हणा.

आणि दुसरं, 'मी भारतीय आहे' म्हणायचं असेल तर मुलगा 'सोम इंद', मुलगी 'सोम इंदका'. 'इंदियान' म्हणू नका, तो अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठीचा शब्द आहे.

गुरुजी_वाई

मी वाईला संस्कृत शिकवत असे, आता निवृत्त आहे. स्लोव्हाक मला येत नाही, पण हा धागा वाचून नातीकडून 'असणे'ची रूपं काढून घेतली आणि दोन दिवस तीच म्हणतो आहे.

स्लोव्हाक: सोम, सि, ये, स्मे, स्त्ये, सू.
संस्कृत: अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति.

मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. मोठ्याने म्हणून पाहा. चैत्राली, 'सोम ज़ इंदिये' म्हणताना त्यातल्या 'सोम'मध्ये 'अस्मि' ऐकू येईल.

आकडेही पाहावेत. द्वा, त्रि, श्तिरि, पेत्य, शेस्त्य, सेद्येम, ओसेम, द्येवेत्य, द्येसत्य, आणि शंभराला 'स्तो'. भावाला 'ब्रात', विधवेला 'व्दोवा', दाराला 'द्वेरे', हिवाळ्याला 'ज़िमा', जो आपला हिम आणि हेमंत. सासूला 'स्वोक्रा', आणि दिराला जुना शब्द 'देवेर'. लांडग्याला 'व्ल्क', तो वृक.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. आपल्या वर्णमालेत ऋ, ॠ, ऌ, ॡ असतात आणि मुलं विचारतात की हे कोण वापरतं. स्लोव्हाकमध्ये र आणि ल हे स्वरासारखे ऱ्हस्वही येतात आणि दीर्घही. बोटाला 'प्र्स्त', खांबाला दीर्घ ल घेऊन 'स्त्ल्प'. जो ॡ आपण फक्त तक्त्यावर पाहिला तो तिथे रोजच्या बोलण्यात नांदतो.

कोशित्सेकर

गुरुजी, तुमची 'अस्मि'ची यादी मी वहीत उतरवून घेतली. पण ताईंना एक सांगतो. हे साम्य कळलं की शब्द ओळखता येतो, बोलता येतोच असं नाही. मी 'द्वेरे' ऐकून दार लगेच ओळखलं होतं, पण दार लावा म्हणायला दोन महिने गेले. ओळखीची वाक्यं तोंडाला वळण लागेपर्यंत रोज म्हणा, सात-आठच म्हणा, पण रोज.

अक्षता_ब्र्नो

शेजारून डोकावते. मी चेकमध्ये, ब्र्नोला. चेक आणि स्लोव्हाक लोक एकमेकांचं बोलणं समजतात, दोन्ही देश १ जानेवारी १९९३ ला वेगळे झाले तरी भाषांचं येणं-जाणं चालू आहे. पण शिकताना व्हिडिओ सरमिसळ करून बघू नका. आम्ही नाव सांगताना 'य्मेनुयी से' म्हणतो, तिकडे 'वोलाम सा'. आणि स्लोव्हेनियाचं साहित्य चुकून डाउनलोड करू नका, ती निराळी भाषा. स्लोव्हाक भाषेला तिच्याच भाषेत 'स्लोवेन्चिना' म्हणतात आणि स्लोव्हेनियाच्या भाषेला 'स्लोविन्चिना', म्हणून हा घोटाळा फार होतो.

च आणि च मधला फरक आपल्याला फुकट मिळालाय हेही लिहिते. चहातला च आणि चाकातला च, जीभेतला ज आणि जागेतला ज. स्लोव्हाकमध्ये हे चारही आहेत, वेगवेगळी अक्षरं घेऊन. चहाला 'चाय' म्हणतात, तो चहातलाच च. कोशित्से मधला 'त्स' म्हणजे चाकातला च. हिंदीवाल्या मैत्रिणीला हे शिकवायला मला आठवडा लागला.

चैत्राली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. गुरुजी, तुमची 'असणे'ची रूपं मी आईला म्हणून दाखवली. तिचं शाळेतलं संस्कृत आठवलं तिला, आता ती माझ्याबरोबर म्हणते.

स्लोवाके डॉट ईयू या साइटवर फुकट अभ्यासक्रम आहे, तो सुरू केलाय. त्यातून दोन शंका.

एक, 'वोलाम'मध्ये आ लांब, मग 'बीवाम' (मी राहते) मध्ये शेवटचा अ आखूड का लिहितात? मी दोन्ही लांबच म्हणत होते.

दोन, मी बाई आहे हे वाक्यात कुठे दिसतं? मराठीत राहतो आणि राहते वेगळं. इथे 'बीवाम' दोघांनाही चालतं असं दिसतंय. मग लिंग कुठे येतं?

दुनायकाठी

दोन्ही शंका छान आहेत.

स्लोव्हाकला एकापाठोपाठ दोन लांब अक्षरं सहसा आवडत नाहीत. 'बी' लांब झाली, म्हणून पुढचा 'वाम' आखूड करून 'बीवम' म्हणायचं. (देवनागरीत आपण सवयीने काना देतो, तो फसवतो.) 'वो' आखूड, म्हणून 'लाम' लांब. याला ते तालाचा नियम म्हणतात. अपवाद आहेत, पण ओळखीच्या वाक्यांत हा नियम तुला पुरेल.

लिंग वर्तमानकाळात दिसत नाही, भूतकाळात दिसतं. मी आलो 'प्रिशियेल सोम', मी आले 'प्रिश्ला सोम'. ओळखीतही ते येतं, थोडं औपचारिक बोलायचं असेल तर. 'परवानगी असेल तर ओळख करून देते' याला बाई म्हणते 'दोवोल्यत्ये, अबि सोम सा प्रेत्स्ताविला', पुरुष म्हणतो 'प्रेत्स्ताविल'. 'तुम्हाला भेटून आनंद वाटतो' याला बाई 'रादा वास स्पोज़्नावम', पुरुष 'राद'. त्यापेक्षा सोपं आणि सगळ्यांना चालणारं म्हणजे 'त्येशी मा'. शब्दशः 'मला आनंद देतं'. आपणही 'मी आनंदले' म्हणत नाही, 'मला आनंद झाला' म्हणतो.

यावरून आणखी एक शिकवते, कारण ओळख झाली की पुढचा प्रश्न हाच येतो. 'अको सा वाम तु पाचि?', म्हणजे तुम्हाला इथे कसं वाटतंय. उत्तर, 'पाचि सा मि तु', मला इथे आवडतं. 'मि' म्हणजे मला. आवडणारी गोष्ट कर्ता आणि आपण 'मला', हुबेहूब मराठी. थंडी वाजते तेही 'ये मि ज़िमा', मला थंडी आहे. इंग्रजीतून शिकणारा इथे 'मी आवडतो, मी थंड आहे' अशी कसरत करत बसतो.

लग्नाचं विचारलं तर पुरुष 'ज़ेनाती' (हा ज़ 'ट्रेझर'मधला, जरा जाडसर), म्हणजे बायको असलेला. बाई 'विदाता'. तो शब्द देण्यावरून आलाय, दिलेली. आपल्याकडे नाही का विचारत, थोरली कुठे दिली? पहिल्यांदा व्युत्पत्ती कळली तेव्हा मी आजीला फोन केला होता. अविवाहित असशील तर 'स्लोबोद्ना', मुलगा 'स्लोबोद्नी'. त्याचा मूळ अर्थ स्वतंत्र.

आणि आडनावाला कुणी 'ओवा' जोडलं तर दचकू नकोस. बायकांच्या आडनावांना तो जोडतात, परदेशी बायकांच्याही. अँगेला मर्केल तिथल्या वर्तमानपत्रांत 'मेर्केलोवा' असतात. पाटलांच्या घरच्या बाईला पूर्वी पाटलीण म्हणत, तसं. कागदपत्रांवर मात्र पासपोर्टाप्रमाणेच राहू दे.

आदित्य_के

याच्या उलट माझं. नाव अ-कारान्त असल्यामुळे इंग्रजीत शेवटी ए येतो, आणि शेवटी 'आ' ऐकू आला की तिथे बाईचं नाव समजतात. एका दवाखान्यातून मला 'पानि' म्हणून, म्हणजे श्रीमती म्हणून पत्र यायचं. आता फोनवर आधीच सांगतो, 'सोम पान आदित्य'. पान म्हणजे श्रीयुत. कृष्णा, दत्ता नावाच्या मुलांनी लक्षात ठेवा.

विठ्ठल_प

'पाचि सा मि' वाचून थांबलो. दोन वर्षं हे रोज कानावर पडत होतं आणि त्यात 'मला' आहे हे मला आज कळलं. चैत्राली, माझा सल्ला मागे घेतो. शिका.

चैत्राली (नित्राहून)

धाग्यावर परत यायला वेळ लागला, माफ करा. इथे येऊन सहा आठवडे झाले. झोबोर डोंगर खिडकीतून दिसतो.

मी पाठ केलेली ओळख अशी होती:

"दोब्री द्येन्य. वोलाम सा चैत्राली. सोम ज़ इंदिये, ज़ मेस्ता पुने. ओद सेप्तेम्ब्रा बीवम व न्यित्रे. प्रात्सुयेम तु अको इंज़िनियेरका क्वालिति. पो स्लोवेन्स्की सा एश्त्ये लेन उचीम, प्रोसीम, होवोर्त्ये सो म्नोउ पोमाली. त्येशी मा."

अर्थ: नमस्कार. माझं नाव चैत्राली. मी भारतातली, पुणे शहरातली. सप्टेंबरपासून नित्रात राहते. इथे क्वालिटी इंजिनियर म्हणून काम करते. स्लोव्हाक अजून शिकतेच आहे, कृपया माझ्याशी सावकाश बोला. भेटून आनंद झाला.

'पो स्लोवेन्स्की'नंतर 'सा' आपोआप जागेवर आला तेव्हा ताईंची आठवण झाली.

कोशित्सेकर, तुझा कागद बरोबर नेला होता. बिल्ल्यावर अपेक्षेप्रमाणे 'खैत्राली' वाचलं गेलं. मी कागद पुढे केला, टोपीवाला च दाखवला. लाइनवरच्या एका काकूंनी तो हातात घेऊन मोठ्याने वाचला, 'चैत्राली', अगदी आपल्यासारखा. मग बाकी सगळ्यांनी एकेकदा म्हणून पाहिलं. त्या काकू म्हणाल्या, 'वितायत्ये उ नास'. 'उ नास' म्हणजे आमच्याकडे. या, आमच्याकडे स्वागत आहे. मला पुढचं वाक्य सुचेना, मी नुसतं 'द्याकुयेम' म्हटलं.

दुपारी जेवताना त्यांनीच विचारलं, अको सा वाम तु पाचि? मी म्हटलं, पाचि सा मि तु, आले ये मि ज़िमा. (आले म्हणजे पण.) त्यांनी स्वतःचा स्वेटर काढून माझ्या खांद्यावर टाकला. त्यांच्या घरी गेल्या रविवारी जाऊन आले. दारात चपला काढायच्या आणि घरातल्या पायताणांची, 'पापुचे'ची जोडी घालायची, तिथे मला काहीच सांगावं लागलं नाही. परत निघताना त्यांनी 'मुओझेमे सि तिकात्य?' विचारलं. त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत. मी हो म्हटलं, पण 'ति' तोंडातून अजून निघत नाही. ताई, अशा वेळी काय करायचं?

दुनायकाठी

त्यांनी दिलेला मान आहे, घ्यायचाच. परत 'वि' म्हणालीस तर त्यांना वाटेल तू मागे सरकलीस. आपण आईला अगं आई म्हणतोच ना, आजीलाही. तो 'ति' त्या जागेवरून म्हण.

क्षितिजा_नागपूर

सगळा धागा आत्ता वाचून काढला. जानेवारीत झिलिनाला शिकायला जातेय. माझ्या नावाचं काय होईल? आणि 'नागपूरहून' कसं म्हणायचं?

कोशित्सेकर

तुमच्या नावातला 'क्ष' ते 'क्स्ह' वाचतील आणि 'जा'चा 'या' करतील. कागदावर क, टोपीवाला स (तो श), मग इ-त-इ, मग डी आणि टोपीवाला झेड एकत्र (तो जीभेतला ज), शेवटी ए असं लिहा. त-इ मऊ न म्हणता कडक म्हणायचं ते एकदा बोलून दाखवा. सिंगापूरहून म्हणजे 'ज़ो सिंगापुरु', त्याच चालीवर नागपूरहून 'ज़ नागपुरु'. आणि झिलिनात म्हणजे 'व झिलिन्ये', पहिला झ 'ट्रेझर'मधला. आजपासून रोज म्हणा.

क्षितिजा_नागपूर

वोलाम सा क्षितिजा. सोम ज़ इंदिये, ज़ नागपुरु. उचीम सा पो स्लोवेन्स्की.